पाण्याच्या वाटेवरची घरे : वाचकांचे प्रश्न आणि उत्तरे

शहरांची वाढ आणि बदलते हवामान या विषयावर आम्ही वाचकांकडून प्रश्न मागवले होते. आलेली बहुतेक पत्रे पुणे शहर आणि जिल्ह्यातील आहेत, म्हणून या वेळची उत्तरेही पुण्याच्या नद्या, टेकड्या आणि रस्ते समोर ठेवूनच दिली आहेत. लांब पत्रांतला मूळ मुद्दा राखून ती संक्षिप्त केली आहेत. पत्रलेखकांची नावे त्यांच्या विनंतीवरून वगळली आहेत.

प्रश्न : आम्ही सिंहगड रस्त्यालगत, नदीपासून पायी पाच मिनिटांच्या अंतरावर सदनिका घेतली. बांधकामाचा नकाशा मंजूर असल्याचे सांगण्यात आले, कर्जही सहज मिळाले आणि करारनाम्यात पुराचा उल्लेख कुठेही नव्हता. २५ जुलै २०२४ च्या पहाटे तळमजल्यावरच्या घरांत छातीइतके पाणी शिरले. आता शेजारी म्हणतात की आमची इमारत ‘निळ्या रेषेत’ आहे. ही रेषा म्हणजे नेमके काय? ती असताना आम्हाला हे घर विकले कसे गेले? (सिंहगड रस्ता, पुणे)

उत्तर : तुम्ही पत्रासोबत पाठवलेले छायाचित्र मी बराच वेळ पाहत होतो. जिन्याच्या भिंतीवर पाणी ओसरल्यानंतर राहिलेली गाळाची तपकिरी रेघ आहे, तिच्या वर रंग जसाच्या तसा आहे आणि तिच्या खाली विजेच्या मीटरची सगळी पेटी आहे. कागदावरची पूररेषा म्हणजे हीच रेघ. फरक एवढाच की ती पूर येण्याआधी गणित करून काढलेली असते.

जलसंपदा विभाग नदीच्या दोन पूररेषा आखून देतो. सरासरी २५ वर्षांतून एकदा येऊ शकेल अशा पुराचे पाणी जिथपर्यंत पोहोचते ती निळी रेषा आणि सरासरी १०० वर्षांतून एकदा येणाऱ्या पुराची ती लाल रेषा. मुठा नदीसाठी निळी रेषा ६० हजार क्युसेक (म्हणजे सेकंदाला तितके घनफूट पाणी) आणि लाल रेषा १ लाख क्युसेक विसर्ग गृहीत धरून आखलेली आहे. निळ्या रेषेच्या आत नवे बांधकाम करता येत नाही. निळ्या आणि लाल रेषेच्या मधल्या पट्ट्यात जोते लाल रेषेच्या पातळीपेक्षा उंच ठेवण्यासारख्या अटींवर परवानगी मिळते.

‘२५ वर्षांतून एकदा’ या शब्दांनी मात्र फार मोठा गैरसमज झाला आहे. एकदा पूर येऊन गेला की पुढची २४ वर्षे निश्चिंती, असा त्याचा अर्थ नाही. दर वर्षी तसा पूर येण्याची शक्यता ४ टक्के असते, आणि ती दर वर्षी नव्याने असते. वीस वर्षांच्या गृहकर्जाच्या मुदतीत असा पूर किमान एकदा येण्याची शक्यता मोजली तर ती सुमारे ५६ टक्के भरते; म्हणजे येण्याची शक्यता न येण्यापेक्षा जास्त. लाल रेषेच्या बाबतीतही त्याच वीस वर्षांत ती १८ टक्क्यांच्या घरात जाते. घर घेताना हा आकडा कोणी समोर मांडला असता, तर कित्येक कुटुंबांनी वेगळा निर्णय घेतला असता असे मला मनापासून वाटते.

आता त्या पहाटेकडे वळू. शहराच्या वरच्या अंगाला असलेल्या खडकवासला धरणातून तेव्हा सुमारे ३५ हजार क्युसेक विसर्ग सुरू होता, म्हणजे सेकंदाला जवळपास दहा लाख लिटर पाणी. आकडा मोठा आहे, पण निळ्या रेषेच्या ६० हजारांपेक्षा तो बराच कमी आहे. तरीही एकता नगरी आणि आसपासच्या सोसायट्यांत पाणी शिरले, लोकांना बाहेर काढण्यासाठी लष्कराला यावे लागले. याचा विचार आपण सर्वांनी करायला हवा, कारण ज्या पुराला नदीच्या पात्रात जागा असायला हवी होती, तो पात्राबाहेर आला.

यामागे एक कारण धरणसाखळीच्या रचनेत आहे. टेमघर, वरसगाव आणि पानशेत या तिन्ही धरणांचे पाणी खडकवासल्यात येते. चारही धरणांची मिळून साठवण सुमारे २९ टीएमसी (अब्ज घनफूट) असली तरी एकट्या खडकवासल्याची ती २ टीएमसीपेक्षाही कमी आहे. त्यामुळे वरच्या धरणांत जागा शिल्लक असली, तरी खडकवासल्याच्या स्वतःच्या पाणलोटात एका रात्रीत पाऊस कोसळला की ते लगेच भरते आणि पाणी सोडण्यावाचून गत्यंतर राहत नाही. शिवाय धरणाच्या खाली, शहराच्या दिशेने, जे ओढे नदीला मिळतात त्यांच्या पाण्याला अडवणारे काहीच नाही. त्या दिवशी शिवाजीनगरलाही २४ तासांत शंभर मिलिमीटरहून अधिक पाऊस झाला होता.

दुसरे कारण आपण स्वतः घडवलेले आहे. नदीकाठी वर्षानुवर्षे राडारोडा टाकला जातो, त्यावर मुरूम पसरून सपाटी केली जाते आणि काही वर्षांनी तीच ‘जमीन’ म्हणून ओळखली जाऊ लागते. एक ट्रक भराव टाकला तर पुराची पातळी किती वाढते, असा प्रश्न मला एकदा एका बैठकीत विचारला गेला होता. एका ट्रकने मोजता येईल असा फरक पडत नाही, हे खरेच. म्हणूनच प्रत्येक ट्रक सुटतो आणि दहा हजाराव्या ट्रकनंतर नदीचे पात्र अरुंद झालेले असते.

तिसरे कारण हवामानाचे आहे. पूररेषा मागच्या नोंदींवरून काढतात. पण पुढचा पाऊस मागच्यासारखा असेलच असे आता धरून चालता येत नाही. हवा एक अंशाने तापली की तिची बाष्प धरून ठेवण्याची क्षमता सुमारे ७ टक्क्यांनी वाढते. पुण्यातल्याच पाषाणच्या भारतीय उष्णदेशीय हवामानविज्ञान संस्थेतील डॉ. रॉक्सी मॅथ्यू कॉल आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी २०१७ साली दाखवून दिले की १९५० ते २०१५ या काळात मध्य भारतात अतितीव्र पावसाच्या घटना तिपटीने वाढल्या. तेव्हा पूररेषा एकदा आखून कपाटात ठेवण्याचा दस्तऐवज राहिलेला नाही. ठरावीक वर्षांनी ती नव्याने मोजली पाहिजे.

तुमचे घर विकले कसे गेले, याचे खात्रीचे उत्तर तुमची कागदपत्रे पाहिल्याशिवाय देता येणार नाही. अशा प्रकरणांत साधारणपणे तीनपैकी एक गोष्ट आढळते : रेषा आखली जाण्याआधी नकाशा मंजूर झालेला असतो, किंवा मंजूर नकाशापेक्षा वेगळे बांधकाम झालेले असते, किंवा मुळात परवानगीच नसलेले बांधकाम नंतर नियमित करून घेतलेले असते. म्हणून बांधकाम परवानगीची तारीख, भोगवटा प्रमाणपत्र, विकास आराखड्याचा भाग-नकाशा आणि पूररेषेचा नकाशा या चार गोष्टींच्या प्रमाणित प्रती, गरज पडल्यास माहितीच्या अधिकारात, मिळवा आणि मग वकिलाकडे जा. तोवर मीटरची पेटी, पाण्याच्या पंपाचा स्टार्टर आणि जनित्र पहिल्या मजल्यावर हलवा. या कामाला सोसायटीच्या सर्वसाधारण सभेचा एक ठराव पुरतो आणि पुढच्या पुरात जीव वाचवण्याच्या दृष्टीने याच्याइतके उपयोगी दुसरे काम नाही.

एक गोष्ट आपण विचारली नाहीत, तरी सांगतो. नदीला निदान पूररेषा आहे, ओढ्यांकडे तेवढेही लक्ष गेलेले नाही. २५ सप्टेंबर २०१९ च्या रात्री आंबिल ओढ्याला पूर आला तेव्हा धरणातून सोडलेल्या पाण्याचा काही संबंध नव्हता. कात्रजच्या डोंगरावर पडलेला पाऊस काही तासांत वस्तीत उतरला आणि त्या रात्री शहर व परिसरात वीसहून अधिक माणसे दगावली. याच ओढ्याचा प्रवाह नानासाहेब पेशव्यांच्या काळात वळवला गेला आणि पर्वतीच्या पायथ्याशी तळे बांधले गेले, ज्या जागी आज सारसबाग आहे. त्या काळच्या माणसांनीही ओढा हलवला. पण पाण्याला थांबायला तळ्याएवढी जागा दिली. आपण ओढ्याला पाइपात घालतो आणि वर रस्ता करतो. १२ जुलै १९६१ ला पानशेत फुटल्याची आठवण ज्या घरांत आहे, तिथली वडीलधारी माणसे आजही घर घेताना ‘पाणी कुठपर्यंत आले होते?’ असे विचारतात. नव्याने आलेल्यांना ती आठवण नाही, त्यात त्यांचा दोष नाही. म्हणूनच ती नकाशावर असायला हवी आणि करारनाम्याला जोडलेली असायला हवी.

प्रश्न : बावधनजवळ टेकडीच्या उतारावर आमची वडिलोपार्जित जमीन आहे. तिच्यावर जैवविविधता उद्यानाचे आरक्षण आहे. खालच्या सपाट जमिनीच्या मालकांनी इमारती बांधून पैसे मिळवले आणि त्याच इमारतींतले लोक आता ‘टेकडी वाचवा’ म्हणून फलक धरतात. शहराच्या पर्यावरणाची किंमत आम्ही एकट्यांनी का मोजायची? (बावधन)

उत्तर : तुमचा राग मला समजतो, आणि तो अनाठायी नाही. १९९७ साली पुणे महापालिकेत आलेल्या २३ गावांतील सुमारे ९७८ हेक्टर टेकड्या आणि उतार या आरक्षणाखाली आहेत आणि त्यांतला बराच भाग खासगी मालकीचा आहे. २०१५ साली राज्य सरकारने तिथे बांधकाम न होऊ देण्याचा निर्णय घेतला आणि जमिनीच्या बदल्यात ८ टक्के टीडीआर (दुसऱ्या जागी वापरता किंवा विकता येणारा बांधकामाचा हक्क) देऊ केला. सपाट जमिनीच्या मालकाला मिळणाऱ्या लाभाशी तुलना केली तर हा मोबदला तुटपुंजा आहे, असे माझेही मत आहे.

मात्र मोबदला कमी आहे म्हणून टेकडीवर बांधकाम होऊ द्यावे, हे मला पटत नाही. तुमच्या उतारावर पडणारा पाऊस गवत, झुडपे आणि सैल मुरमातून हळूहळू मुरतो, खालच्या काळ्या पाषाणाच्या भेगांतून वाट काढतो आणि पावसाळा संपल्यानंतरही कित्येक आठवडे झऱ्यांतून, विहिरींतून बाहेर येत राहतो. भूगावच्या वरच्या अंगाला, खाटपेवाडीच्या बाजूला उगम पावणारी राम नदी बावधनवरून पाषाणच्या तलावात जाते आणि पुढे औंधजवळ मुळेला मिळते. तिच्या काठच्या प्रत्येक सोसायटीचा बोअर तुमच्यासारख्यांच्या उतारांवर जगतो. तोच उतार कापून त्यावर काँक्रीट पसरले, तर आज दोन महिन्यांत वाहणारे पाणी दोन तासांत खाली येईल, आणि उन्हाळ्यात तीच सोसायटी टँकर मागवेल.

उष्णतेचेही तसेच आहे. हवामान खात्याच्या पुण्यातल्या केंद्रांच्या नोंदी रोज वर्तमानपत्रांत येतात. हिवाळ्याच्या पहाटे मगरपट्टा, वडगाव शेरी इथले किमान तापमान पाषाणच्या तुलनेत अनेकदा काही अंशांनी जास्त असलेले दिसते. दिवसभर तापलेले काँक्रीट आणि डांबर रात्रभर उष्णता सोडत राहते. टेकड्या आणि झाडी असलेला भाग लवकर निवतो. पुढच्या काळात रात्रीचा हा गारवा शहराच्या आरोग्यासाठी पाण्याइतकाच मोलाचा ठरणार आहे.

म्हणून माझे म्हणणे असे की, टेकडी शहरासाठी काम करत असेल तर शहराने तिच्या मालकाला त्या कामाचे मोल दिले पाहिजे. टीडीआरचे प्रमाण वाढवणे हा एक मार्ग. खालच्या सपाट भागात जादा चटईक्षेत्र (भूखंडावर करता येणारे एकूण बांधकाम) विकून महापालिकेला जे अधिमूल्य मिळते, त्यातला ठरावीक हिस्सा केवळ या जमिनी संपादित करण्यासाठी बाजूला काढणे हा दुसरा, आणि माझ्या मते अधिक न्याय्य मार्ग. फलक धरणाऱ्या नागरिकांनीही ‘टेकडी वाचवा’ या मागणीला ‘मालकाला मोबदला द्या’ ही दुसरी मागणी जोडायला हवी. ती जोडली जात नाही तोवर तुम्ही आणि ते एकमेकांसमोर उभे राहाल आणि मधल्या मधे गुंठ्या-गुंठ्याने टेकडी विकली जाईल. गुंठेवारीत, म्हणजे परवानगीविना छोटे तुकडे पाडून, जमीन विकण्याचा विचार मनात असेल तर एवढेच सांगतो की, विकत घेणारी कुटुंबे बहुधा तुमच्यापेक्षा गरीब असतात आणि कारवाई झाली की घर त्यांचे पडते.

प्रश्न : मी जिल्ह्यातल्या एका नगरपरिषदेची माजी सदस्य आहे. मुंबईने हवामान कृती आराखडा केला. आमच्याकडे राज्य सरकारच्या ‘माझी वसुंधरा’ अभियानात भिंती रंगवून झाल्या, झाडे लावून झाली. आमच्यासारख्या लहान शहरालाही असा आराखडा हवा का? हवा असल्यास त्यात काय असावे? (पुणे जिल्हा)

उत्तर : हवा, मात्र तो मुंबईच्या आराखड्याची नक्कल नसावा. मुंबईचा आराखडा मार्च २०२२ मध्ये जाहीर झाला. देशाने निव्वळ शून्य उत्सर्जनासाठी (जेवढे हरितगृह वायू सोडू तेवढेच शोषले जातील अशा स्थितीसाठी) २०७० हे वर्ष ठरवले असताना मुंबईने स्वतःसाठी २०५० हे वर्ष ठरवले. तिने आधी आपले उत्सर्जन मोजले : २०१९ साली सुमारे २ कोटी ३४ लाख टन, आणि त्यातला ७० टक्क्यांहून अधिक वाटा इमारती, कारखाने वगैरेंना लागणाऱ्या ऊर्जेचा, कारण मुंबईची वीज अजून मोठ्या प्रमाणात कोळशावर तयार होते. पुढे २०२४ साली तिथल्या महापालिकेने अर्थसंकल्पातल्या कोणत्या खर्चाचा हवामानाशी संबंध आहे, याचा वेगळा अहवालही काढला. मला आराखड्यापेक्षा या दुसऱ्या पावलाचे महत्त्व अधिक वाटते, कारण ज्या कामापुढे रुपयांचा आकडा नाही ते काम पुढच्या सभेत कोणाला आठवत नाही.

तुमच्या नगरपरिषदेच्या हाती वीजनिर्मिती नाही आणि तुमच्या शहराचे उत्सर्जन राज्याच्या हिशोबात नगण्य असेल. तुमचा आराखडा मुख्यतः माणसांना ऊन आणि पाणी यांपासून सांभाळण्याचा असला पाहिजे. ‘माझी वसुंधरा’ हे अभियान २ ऑक्टोबर २०२० ला भूमी, जल, वायू, अग्नी, आकाश या पंचमहाभूतांच्या कल्पनेवर सुरू झाले, आणि गुणांकनासाठी गोळा केलेली माहिती तुमच्या कार्यालयात आजही पडून असेल. तिच्यापासून सुरुवात करा. गावातले सगळे ओढे गाव-नकाशावरून आणि प्रत्यक्ष चालून शोधा. कोणत्या चौकात दर पावसाळ्यात पाणी तुंबते ते सफाई कर्मचाऱ्यांना विचारा; त्यांना ते कोणत्याही सल्लागारापेक्षा नेमके माहीत असते. मग पत्र्याच्या छपराची घरे मोजा.

पत्र्याच्या घरांवर मी मुद्दाम भर देतो आहे. मे महिन्यात दुपारी दोन वाजता अशा घरात शिरून पत्र्याला हात लावून पाहा, हात ठेवता येत नाही. त्या पत्र्याखाली बाळंतीण असते, म्हातारी माणसे असतात, घरकाम करून आलेली बाई तासभर पाठ टेकत असते. छपराला चुन्याचा किंवा उष्णता परतवणाऱ्या पांढऱ्या रंगाचा हात दिला की आतली हवा काही अंशांनी उतरते, आणि त्याचा खर्च एका सुशोभित कमानीपुढे काहीच नाही. अहमदाबादेत २०१० च्या मे महिन्यातील उष्णतेच्या लाटेत एक हजाराहून अधिक जादा मृत्यू झाले. त्यानंतर २०१३ साली तिथल्या महापालिकेने उष्णता कृती आराखडा केला : आदल्या दिवशी इशारा, दवाखान्यांची तयारी, पाणपोया, दुपारी उघड्या ठेवलेल्या बागा. यातले काहीही तुमच्या नगरपरिषदेच्या आवाक्याबाहेरचे नाही.

आराखडा दहा पानांचा पुरे. त्याच्या प्रत्येक पानावर काम, जागा, रक्कम आणि जबाबदार अधिकाऱ्याचे पद असू द्या.

प्रश्न : मी भूगावहून रोज वनाजपर्यंत येते आणि तिथून मेट्रोने शिवाजीनगरला जाते. मेट्रोचा प्रवास उत्तम. पण घरापासून वनाज गाठायला बसची वाट पाहण्यात मेट्रोच्या प्रवासापेक्षा जास्त वेळ जातो. आता दुचाकी घ्यावी असे वाटू लागले आहे. (भूगाव)

उत्तर : तुम्ही दुचाकी घेतलीत तर मी तुम्हाला दोष देणार नाही. मेट्रोचे पहिले दोन टप्पे ६ मार्च २०२२ ला सुरू झाले तेव्हापासून स्थानकांभोवती वाढीव चटईक्षेत्राची चर्चा सतत होते आहे. स्थानकापासून ५०० मीटरच्या आत ते भूखंडाच्या चौपटीपर्यंत मिळू शकते. कल्पना चांगली आहे, कारण स्थानकाजवळ जास्त माणसे राहिली तर गाडीची गरज कमी होते. पण त्या ५०० मीटरांत सावली असलेला सलग पदपथ नसेल आणि नव्या इमारतीत तीन-तीन मजले वाहनतळच असेल, तर तिथे राहायला येणारा माणूसही गाडीनेच बाहेर पडणार.

पुण्याने बसच्या बाबतीत देशात आधी पाऊल टाकले होते. स्वारगेट ते कात्रज हा बीआरटीचा, म्हणजे बससाठी राखीव मार्गिकेचा, प्रायोगिक मार्ग २००६ साली सुरू झाला आणि पुढच्याच वर्षी पुणे आणि पिंपरी-चिंचवडच्या परिवहन सेवा एकत्र करून पीएमपीएमएल स्थापन झाली. २०१६ साली महापालिकेने पादचारी धोरणही स्वीकारले. धोरणांची उणीव नाही. दर दहा मिनिटांनी येईल अशा बसची उणीव आहे. बसची वारंवारिता वाढली की माणूस वेळापत्रक पाहणे सोडून देतो, थेट थांब्यावर जातो, आणि तिथून दुचाकी विकत घेण्याचा विचार मागे पडू लागतो. तीन चारचाकींच्या जागेत मावणारी एक बस पन्नास-साठ माणसे नेते, हे गणित सर्वांना ठाऊक आहे; तरीही उड्डाणपुलाला निधी लवकर मिळतो आणि बसला मिळत नाही.

तुम्ही आणि तुमच्या थांब्यावरच्या आणखी चार जणी मिळून एक काम करा. आठवडाभर सकाळी आठ ते दहा या वेळेत प्रत्येक बस किती वाजता आली, तिच्यात चढता आले की नाही, एवढेच वहीत लिहून काढा. अशी नोंद हातात घेऊन केलेली मागणी ‘बस वेळेवर येत नाही’ या तक्रारीपेक्षा कितीतरी जड पडते. ती वही आमच्याकडेही पाठवा, आम्ही छापू.

प्रश्न : आमच्या ४० सदनिकांच्या सोसायटीने गच्चीवर सौर संच बसवावा का? सदस्यांचे म्हणणे आहे की अनुदान फक्त बंगलेवाल्यांना मिळते. (कोथरूड)

उत्तर : तसे नाही. फेब्रुवारी २०२४ मध्ये सुरू झालेल्या पीएम सूर्यघर योजनेत स्वतंत्र घराला ३ किलोवॉट किंवा त्याहून मोठ्या संचासाठी ७८ हजार रुपये अनुदान आहे; नोंदणीकृत गृहनिर्माण सोसायटीला लिफ्ट, पंप, जिन्याचे दिवे, वाहन चार्जिंग अशा सामाईक वापरासाठी प्रति किलोवॉट १८ हजार रुपये मिळतात. एका किलोवॉटला सावली न पडणारी साधारण शंभर चौरस फूट जागा लागते आणि तो दिवसाला सरासरी चार युनिट वीज देतो. सामाईक वापराची बारा महिन्यांची वीजबिले काढून त्यानुसार संचाचा आकार ठरवा. गच्चीचे जलरोधक काम आधी करून घ्या, संच बसल्यावर ते करणे फार जिकिरीचे होते.

प्रश्न : बांधकाम व्यावसायिकाने ‘पर्जन्यजल पुनर्भरण’ केले आहे असे आमच्या कागदपत्रांत लिहिले आहे आणि आवारात एक झाकण असलेला खड्डाही आहे. तरीही आमचा बोअर दर मार्चमध्ये आटतो. तो खड्डा खरोखर काम करतो का, हे आम्ही कसे ओळखावे? (बाणेर)

उत्तर : झाकण उघडून पाहा. मी अशी अनेक झाकणे उघडलेली आहेत. वर वाळलेली पाने, त्याखाली गाळाचा घट्ट थर, त्याखाली बांधकामाच्या वेळी धुतलेल्या सिमेंटचा पापुद्रा आणि त्याखाली कधीही ओली न झालेली खडी, असे दृश्य बहुतेक ठिकाणी दिसते. काही ठिकाणी तर गच्चीवरून येणारा पाइप खड्ड्याला जोडलेलाच नसतो, तो सरळ रस्त्याच्या गटारात जातो.

किती पाणी वाया जाते, त्याचा हिशोब अगदी सोपा आहे. पुण्यात वर्षाला सरासरी ७२० मिलिमीटरच्या आसपास पाऊस पडतो. तुमची गच्ची हजार चौरस मीटरची असेल तर तिच्यावर वर्षाला सात लाख लिटरहून अधिक पाणी पडते. उडून जाणारे, सांडणारे वजा केले तरी साडेपाच लाख लिटर हाती लागायला हरकत नाही. दहा हजार लिटरच्या टँकरच्या हिशोबात हे ५५ टँकर झाले.

खड्ड्याची जागाही तपासा. आपल्याकडचा खडक बेसॉल्टचा, म्हणजे काळा पाषाण. वरचा झिजलेला मुरूम पाणी पितो, खालचा अखंड पाषाण पीत नाही. पाणी फक्त त्याच्या भेगांतून खाली जाते. त्यामुळे अखंड पाषाणात खोदलेला खड्डा म्हणजे नुसतीच टाकी. भूजलाची जाण असलेल्या माणसाला एकदा आवार दाखवा आणि शक्य असेल तर जुन्या, आटलेल्या बोअरलाच गाळणीमार्फत गच्चीचे पाणी जोडा. वाहनतळावरून वाहत येणारे पाणी मात्र कधीही बोअरमध्ये सोडू नका. त्यात तेल आणि धूळ असते, आणि एकदा खाली गेलेली घाण वर काढता येत नाही. शिवाय तुमच्या बोअरमधले पाणी शेजाऱ्याच्या बोअरमध्येही जाते.

खड्डा साफ करून घेतल्यावर एक चाचणी घ्या. हजार लिटर पाणी त्यात एकदम सोडा, काठीवर पातळीची खूण करा आणि घड्याळ लावा. तासाभरात पातळी ठळकपणे उतरली तर खड्डा जिवंत आहे. दुसऱ्या दिवशी सकाळीही खूण तिथेच असेल, तर जागा बदलावी लागेल. ही चाचणी मे महिन्यात घ्या, म्हणजे दुरुस्तीला वेळ मिळेल. पहिल्या एक-दोन सरींचे पाणी गच्ची धुऊन येते, ते बाहेर जाऊ द्या आणि तिसऱ्या सरीपासून पाइपाची झडप खड्ड्याकडे वळवा. झडप वळवण्याचे काम कोणाकडे आहे, त्याचे नाव सूचनाफलकावर लिहून ठेवा.